कल आणि निकाल

२०२४ सालच्या ४ जूनला आमच्या पिरनवाडीच्या घरात सकाळपासून टीव्ही चालू होता. लोकसभेची मतमोजणी. 'कल हाती येत आहेत' असं निवेदिका दर दोन मिनिटांनी सांगत होती. संध्याकाळी आमची धाकटी आतल्या खोलीतून पळत आली आणि म्हणाली, "आई, नीटचा निकाल लागला." मला वाटलं चेष्टा करते. निकालाची तारीख १४ जून सांगितलेली, दहा दिवस हातात होते. पण खरंच लागला होता.

मार्क चांगले होते. तिला आनंद झाला, तो साधारण अर्धा तास टिकला. मग कळलं की देशात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० पडलेत. तेवीस लाखांवर पोरं बसलेली, आणि मार्कांचा असा काही पूर आलेला की मागल्या वर्षी ज्या मार्कांवर सरकारी कॉलेज हसत मिळालं असतं, त्यावर आता काय मिळेल ते कुणीच सांगेना. पुढं पेपरफुटीचा बोभाटा झाला, वाढीव गुण काढून घेतले, काहींची परीक्षा पुन्हा झाली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २३ जुलैला कोर्टानं परीक्षा रद्द करायला नकार दिला, २६ जुलैला सुधारित निकाल आला आणि त्या ६७ जणांचे १७ झाले. ह्या सगळ्या काळात आमची पोरगी मोबाईलवर एकच शब्द शोधत होती: कटऑफ. कुठला क्लासवाला काय म्हणतो, कुणाच्या अंदाजानं कितव्या रँकला कुठलं कॉलेज. निवडणुकीचे कल एका दिवसात संपले. आमच्या घरातले पावसाळा संपत आला तरी चालूच होते.

कर्नाटकात ह्या कलाला सरकारी रूप आहे. त्याला मॉक अलॉटमेंट म्हणतात. मुलांनी कॉलेजांचे पसंतीक्रम भरले की परीक्षा प्राधिकार, म्हणजे केईए, आधी एक लटकी यादी लावतं. आत्ता जागा वाटल्या असत्या तर तुला ही मिळाली असती, एवढंच ती सांगते. ती बघून पोरं पसंतीक्रम खालीवर करतात, आणि मग खरी यादी लागते. सासूबाईंना मी हे तीनदा समजावलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे साखरपुडा नव्हे, नुसतं बघून गेले म्हण की." त्यांचं बरोबर होतं.

मॉक यादी रात्री उशिरा उघडली. आमच्याकडे दिवेलागणीच्या आत जेवणं होतात, साडेनवाला घर झोपतं. त्या रात्री साडेअकराला सगळे जागे, आणि सासूबाई णमोकार म्हणत जपमाळ घेऊन बसलेल्या. स्क्रीनवर आलं: गदग. सरकारी कॉलेज. पोरीनं मला मिठी मारली. मी तिला थोपटलं, पण माझं मन तिथं नव्हतं. मी १९९१ सालात, निपाणीजवळच्या माझ्या माहेरच्या ओसरीवर बसले होते.

ही वाट बघण्याची गोष्ट जुनी आहे, आणि आपल्या भागाशी तिचा संबंध आपल्याला वाटतो त्याहून जवळचा आहे. डॉ. आनंदीबाई जोशींची कथा आपण सगळ्याजणी शाळेपासून ऐकतो, पण तिची सुरुवात कोल्हापुरात झाली हे पुष्कळजणी विसरतात. गोपाळराव पोस्टात नोकरीला होते. कोल्हापुरात बदलीवर असताना १८७८ साली त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं, की माझ्या बायकोला शिकायला अमेरिकेत काही सोय होईल का. हे वाइल्डर आधी बरीच वर्षं कोल्हापुरातच राहिलेले. त्यांनी ते पत्र आणि आपलं उत्तर मासिकात छापून टाकलं. उत्तरात धर्मांतराची सूचना होती, मदत नव्हती. आनंदी तेव्हा तेरा वर्षांची. पुढं दोन वर्षांनी, १८८० साली, न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट बघत बसल्या होत्या. तिथं पडलेल्या जुन्या अंकात त्यांनी ते पत्र वाचलं, आणि त्यांचं आनंदीला पहिलं पत्र आलं. बघा, तिकडची बाई वाट बघत होती म्हणून इकडच्या बाईची वाट बघणं थोडं सरलं. ७ एप्रिल १८८३ला आनंदी कलकत्त्याहून बोटीत चढली तेव्हा कुठल्याही कॉलेजचा प्रवेश तिच्या हातात नव्हता. ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली आणि त्यानंतर फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजला तिनं अर्ज लिहिला. ११ मार्च १८८६ला ती डॉक्टर झाली. तिच्या पुढचं मी सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच १८८३ साली मुंबई विद्यापीठानं आपल्या परीक्षा बायकांना खुल्या केल्या. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात, त्यामुळं आपल्याकडच्या मुलांची मॅट्रिक मुंबईची. पण त्या काळात आपल्या समाजातल्या मुलीला यादीची वाट बघावीच लागत नव्हती, कारण यादीपर्यंत तिला कुणी नेतच नव्हतं. १८९९ साली निपाणीजवळ स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, तीच पुढं दक्षिण भारत जैन सभा. त्या कामातल्या पुढाऱ्यांपैकी आण्णासाहेब लठ्ठे बेळगावात वकिली करत होते आणि १९३७ साली मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले. सभेनं शिक्षणाचा ध्यास घेतला, बोर्डिंगं निघाली. माझे आजोबा सांगायचे की त्या वेळी कॉलेजचा प्रवेश अवघड नसायचा, बोर्डिंगचा अवघड. फी भरली की कॉलेज मिळे, पण राहायचं आणि आपलं जेवण जेवायचं कुठं? बोर्डिंगातून 'घेतलं' असं कार्ड आलं तरच पोरगा गाव सोडे. त्या कार्डाची वाट त्यांनी दीड महिना बघितली होती. मुलींसाठी श्राविकाश्रम निघाले, त्यात मगनबाईंसारख्या स्वतः लहान वयात वैधव्य आलेल्या बाईचं काम फार मोठं. पण तिथं जायला आधी विधवा किंवा टाकलेली व्हावं लागे, हेही खरं. धडधाकट, लग्नाची पोरगी शिकायला बाहेर ठेवायची हे आमच्या आईच्या पिढीपर्यंत कुणाच्या मनात आलं नाही.

आमच्या पिढीत आलं, आणि आलं तेव्हा दार पैशाचं झालं होतं.

खाजगी मेडिकल कॉलेज हा प्रकार ह्या देशात कर्नाटकाच्याच मातीतला. १९५३ साली डॉ. टी. एम. ए. पै यांनी मणिपालला पहिलं काढलं. बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज १९६३चं, के.एल.ई. संस्थेचं. पुढं राज्यभर कॉलेजं निघत गेली, देशभरातून मुलं येऊ लागली, आणि बऱ्याच ठिकाणी जागेला देणगी पडू लागली. देणगी हा शब्द आपल्या समाजाला पवित्र. बस्तीला देणगी, मुनिसंघाच्या आहाराला देणगी. त्याच शब्दाचा असा वापर होताना माझ्या आजोबांना फार राग यायचा. १९८४ साली कर्नाटकानं कॅपिटेशन फी घ्यायला बंदी करणारा कायदा केला. पण त्याच कायद्याखाली ५ जून १९८९ला सरकारनं फीचे जे दर ठरवले, ते असे: सरकारी जागेवरच्या मुलाला वर्षाला २,००० रुपये, राज्यातल्या इतर मुलाला २५,०००पर्यंत, आणि राज्याबाहेरच्या मुलाला ६०,०००पर्यंत. एकाच वर्गात, एकाच बाकावर, एकाच मास्तरांसमोर.

आपण बायका रुपयांचा हिशेब सोन्यात करतो, म्हणून तसा सांगते. १९९१ साली सोनं तोळ्याला साडेतीन हजारांच्या आसपास होतं. म्हणजे सरकारी जागा वर्षाला अर्ध्या तोळ्याच्या थोडी वर. राज्यातल्या पैशाच्या जागेला वर्षाला सात तोळे. पाच वर्षांचे पस्तीस. आणि हा फक्त पावतीवरचा हिशेब.

मी त्या वर्षी बारावी झाले. आमच्याकडे त्याला पी.यू.सी. सेकंड म्हणतात. सायन्स घेतलेल्या मुली आमच्या वर्गात बोटावर मोजण्याएवढ्या. मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली, दोन दिवस एस.टी. बंद, सगळीकडे सुतकासारखं वातावरण, आणि मी मात्र मनातल्या मनात निकालाच्या तारखा मोजत होते. त्याची मला अजून लाज वाटते. पेपरात नंबर आला. आप्पांनी निळ्या शाईनं त्याखाली रेघ मारली आणि पेपर घडी करून खिशात घातला. तंबाखूच्या अड्ड्यावर तो दिवसभर दाखवला असणार.

मग सरकारी जागांच्या गुणवत्ता यादीची वाट. घरात फोन नव्हता. पोस्टमन सकाळी अकराच्या सुमारास यायचा, आणि साडेदहापासून मी ओसरीवर तांदूळ निवडत बसायची. इतके तांदूळ आमच्या घरात त्यापूर्वी आणि त्यानंतर कधी निवडले गेले नाहीत. आई एकदा म्हणाली, "पुरे गं, आता त्यात खडा टाकून निवडशील."

आणि त्याच दिवसांत एक गृहस्थ स्कूटरवरून येऊ लागले. कुणाच्या तरी ओळखीचे. पांढरा सफारी, काखेत पाऊच. त्यांचं म्हणणं असं की यादी लागायच्या आधी आतलं मला कळतं. पहिल्या खेपेला म्हणाले, नाव अगदी काठावर आहे. दुसऱ्या खेपेला म्हणाले, काठावरून आत ढकलायला वर थोडं जावं लागेल. आप्पांनी त्यांना दोन खेपेला मिळून सातशे रुपये दिले. आज कळतं की त्या माणसाला काहीच माहीत नव्हतं. तो फक्त आमची वाट बघणं विकत होता, आम्हालाच.

यादीत माझं नाव नव्हतं. ते गृहस्थ तिसऱ्यांदा आले ते दुसरा मार्ग घेऊन. एका खाजगी कॉलेजात जागा होऊ शकते, पावतीचे इतके आणि बिनपावतीचे इतके. बिनपावतीचा आकडा त्यांनी बोलून दाखवला नाही, खिशातल्या डायरीच्या पानावर लिहून आप्पांच्या पुढं केला. आप्पांनी बघितलं, पान परत दिलं. आईनं चहा आणला. ते गेल्यावर आई हळूच म्हणाली, "तिच्या लग्नाचं म्हणून ठेवलेलं आहे ते..." आप्पा म्हणाले, "ते घातलं तर लग्न कशात करायचं? आणि डॉक्टरीण झाली म्हणून कुणी फुकट नेणार आहे का? उलट जास्तच मागतील." ते रागानं बोलले नाहीत. हिशेब सांगतात तसं सांगितलं. आमची तंबाखूची शेती. दहा वर्षांपूर्वी ह्याच निपाणीत दरासाठी हमरस्ता अडवून शेतकरी बसले होते, गोळीबारात माणसं मेली होती. तंबाखूवाल्याला पैसा एका दराच्या भरवशावर ओतायचा नसतो हे आप्पांना फार चांगलं ठाऊक होतं. जुलैत मी निपाणीच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. मराठी आणि राज्यशास्त्र.

त्याच वर्षी, म्हणजे १९९१च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होणाऱ्या वर्गासाठी, उत्तर प्रदेशातल्या मेरठच्या एका मुलीनं तुमकूरच्या श्री सिद्धार्थ मेडिकल कॉलेजात अर्ज केला होता. तिचं नाव मोहिनी जैन. आपल्याकडे जैन हे आडनाव नसतं. आपण पाटील, चौगुले, मगदूम, उपाध्ये. त्यामुळं ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते मला परकं वाटलं आणि आपलंही वाटलं. तिला कॉलेजनं कळवलं की पहिल्या वर्षाचे ६०,००० भरा आणि उरलेल्या वर्षांच्या फीची बँक हमी द्या. तिचे वडील म्हणाले, हे माझ्या आवाक्यात नाही. प्रवेश नाकारला गेला. शिवाय साडेचार लाख वेगळे मागितले असं तिचं म्हणणं होतं. कॉलेजनं ते कोर्टात नाकारलं. साठ हजार म्हणजे सतरा तोळे, आणि साडेचार लाख म्हणजे सव्वाशे तोळ्यांच्या वर.

इथपर्यंत तिची गोष्ट आणि माझी एकच. पुढं मी बी.ए.ला गेले आणि ती थेट सुप्रीम कोर्टात गेली.

३० जुलै १९९२ला निकाल लागला. न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती सहाय यांनी सांगितलं की शिक्षणाचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातूनच येतो, कारण शिक्षणाशिवाय माणसाला प्रतिष्ठेनं जगता येत नाही. आणि सरकारी फीपेक्षा जास्त जे काही ह्या कॉलेजांनी घ्यायचं, त्याला फी म्हणा, दर म्हणा, ती कॅपिटेशनच आहे, आणि ती चालणार नाही. राज्यशास्त्राच्या सरांनी आमच्या वर्गात फळ्यावर 'मोहिनी जैन वि. कर्नाटक राज्य' असं लिहिलं. मागच्या बाकावरच्या पोरी मला म्हणाल्या, "तुझी कोण गं ही?" मी म्हटलं, "बहीण." सगळ्या हसल्या.

सरांनी एक गोष्ट सांगितली नाही, किंवा त्यांना परीक्षेच्या दृष्टीनं ती महत्त्वाची वाटली नसेल. ती मला पुष्कळ वर्षांनी, निकालपत्र मुळातून वाचलं तेव्हा कळली. कोर्टानं मोहिनी जैनला प्रवेश दिला नाही. तिला गुणवत्ता यादीनं निवडलं गेलं नव्हतं, आणि वर्ग मार्च-एप्रिल १९९१ला सुरू होऊन गेले होते, म्हणून तिच्या मागणीपुरता दिलासा देण्याची इच्छा नाही, असं शेवटी लिहिलेलं आहे. आणि हा निकाल पुढच्यांसाठी; जे पैसे भरून आत गेले होते ते त्याच अटींवर शिकत राहतील. म्हणजे खटला ती जिंकली आणि जागा तिला मिळाली नाही. देशातल्या प्रत्येक कायद्याच्या पुस्तकात तिचं नाव आहे, फक्त ज्या यादीत हवं होतं तिथं नाही. ते वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. त्यानंतर तिचं काय झालं, ती काय शिकली, हे शोधावंसं मला खूप वाटलं. पण मग वाटलं, तिला तिच्या घरात सुखानं राहू द्यावं.

गोष्ट तिथं थांबली नाही. सहा महिन्यांनी, ४ फेब्रुवारी १९९३ला, पाच न्यायमूर्तींच्या पीठानं उन्नीकृष्णन खटल्यात त्यात दुरुस्ती केली. फुकट शिक्षणाचा हक्क चौदा वर्षांपर्यंत. त्यापुढच्या खाजगी कॉलेजांत निम्म्या जागा 'फ्री' आणि निम्म्या 'पेमेंट', पण दोन्ही गुणवत्तेनंच भरायच्या. त्यासाठी सगळ्यांची एक परीक्षा हवी, आणि १९९४पासून कर्नाटकात सीईटी सुरू झाली. सफारीवाल्या गृहस्थांचा धंदा निदान काही वर्षं बसला.

त्या पहिल्या सीईटीला माझा धाकटा भाऊ बसला. त्याला इंजिनिअरिंगची फ्री सीट मिळाली. फी एवढी थोडी की आप्पांना दोनदा पावती बघावी लागली. घरात पेढे आले. बेळगावला जाऊन आप्पांनी त्याला नवी सुटकेस आणली. मी तेव्हा बी.ए. संपवून घरी होते, स्थळं बघणं चालू होतं. मोहिनी जैनच्या खटल्यातून हे दार उघडलं हे त्या घरात फक्त मला माहीत होतं, आणि मी ते बोलले नाही. बोलले असते तर भावाला उगीच अपराधी वाटलं असतं. त्याचा काय दोष, माझ्यानंतर तीन वर्षांनी जन्मला एवढाच. पण एक प्रश्न माझ्याजवळ राहिला. फ्री सीट मिळाली नसती, तर त्याच्यासाठी आप्पांनी डायरीतलं पान परत दिलं असतं का? आप्पांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. विचारायचं राहिलं असं नाही. मी विचारलं नाही.

त्या फ्री आणि पेमेंटच्या वाटणीतही खोट होती, ती पुढं कोर्टानंच दाखवली. २००२ साली अकरा न्यायमूर्तींनी टी. एम. ए. पै खटल्यात उन्नीकृष्णनची योजना मोडली. त्यात एक कारण असं होतं की चांगल्या शाळेत शिकलेली, क्लास लावलेली शहरी मुलं फ्री जागा पटकावतात आणि खेड्यातल्या गरिबाला पेमेंटची जागा घ्यावी लागते. म्हणजे गरिबाच्या पैशानं सुखवस्तूचा मुलगा शिकतो. हे वाचताना मला भावाच्या शेजारी बसलेला तो न पाहिलेला पोरगा आठवला, ज्याच्या बापानं शेत विकून पेमेंट सीट घेतली असेल. मग २००३चा निकाल, २००५चा इनामदार खटला, मॅनेजमेंट कोटा, खाजगी कॉलेजांची वेगळी परीक्षा. शेवटी नीट. ती २०१३ला एकदा झाली, त्याच वर्षी कोर्टानं रद्द केली, २०१६ला परत आणली. ह्या मधल्या वर्षांचा तपशील मी भराभर सांगते आहे, कारण त्यात माणसं कमी आणि कलमं जास्त आहेत.

एक मात्र सांगायला हवं. पूर्वी पास झालं की पुरे होतं, मग पैसा लागू लागला, आणि आता लागते ती रँक. पास-नापास आपल्या हातात असतं, रँक इतरांच्या हातात. म्हणून आताच्या पोरांना कल हवे असतात. आपण कुठं उभे आहोत हे दुसरे कुठं उभे आहेत त्यावर ठरतं, आणि ते दुसरे दिसत नाहीत. त्यात आमच्याकडे कोडांची भाषा वेगळी. जीएम, थ्री-बी. दिगंबर जैन थ्री-बीत. त्यापुढं जी, आर, के. 'आर' म्हणजे खेड्यात शिकलेल्याला, 'के' म्हणजे कन्नड माध्यमात शिकलेल्याला. आमची पोरगी मराठी शाळेत शिकली, तिला तो 'के' नाही. याबद्दल घरात दोन मतं आहेत. माझं मत असं की मराठी शाळेत घातल्याचा मला पस्तावा नाही, आणि ते मत मी रँक लागल्यानंतरही बदललेलं नाही. तिच्या बाबांचं मत ते सांगतील.

तर मॉक यादीत गदग आलं. नातेवाइकांना कळलं, फोन सुरू झाले. सासूबाईंनी बस्तीत नारळ ठेवून यायचं ठरवलं. मी म्हटलं, खरी यादी लागू दे. त्यांना पटलं नाही. पर्युषण तोंडावर आलेलं, चांगल्या बातमीला थांबवायचं कशाला? नारळ गेला.

खऱ्या यादीत गदग नव्हतं. काहीच नव्हतं. मॉक बघून वरच्या रँकच्या पोरांनी पसंतीक्रम हलवले, आणि आमची काठावरची जागा सरकली. पोरगी रडली नाही. दार लावून बसली. दोन तासांनी मी ताटली घेऊन गेले तर अंधारात बसलेली.

"तू मेडिकलला जाणार होतीस ना?" ती म्हणाली. "मामा एकदा म्हणाला होता."

मामाला हे माहीत होतं, हेच मला माहीत नव्हतं. मी तिच्या पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं. पोस्टमन, तांदूळ, सातशे रुपये, डायरीचं पान. मोहिनी जैनचं सांगितलं. तिनं विचारलं, "आणि तिला जागा मिळालीच नाही?"

"नाही."

"मग ती एवढं भांडली कशाला?"

"भांडायला गेली तेव्हा तिला कुठं ठाऊक होतं? तिला वाटलं मिळेल."

पोरगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आज्जीला म्हणावं नारळ परत आणू नको. सेकंड राऊंड आहे अजून." आणि ताटलीतली थंड भाकरी तिनं खाल्ली. रात्र झालेली होती. घरात कुणी काही बोललं नाही.

दुसऱ्या फेरीत कारवार आलं. ह्या वेळी मॉक नाही, खरं. समुद्राकाठचं सरकारी कॉलेज, घरापासून निम्मा दिवस. कागदपत्रांच्या फायली झाल्या, मूळ प्रती, झेरॉक्स, बारा फोटो. आप्पांनी भावाला आणली होती तशी सुटकेस आणायला मी स्वतः बेळगावला गेले आणि जरा महागातली घेतली.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"तिथल्या मेसमध्ये सहाच्या आत जेवण देतात का गं?"

"विचारून सांगते," मी म्हटलं.